जहाज सापडलं, आता आपल्या माणसाचं काय? महायुद्धात बुडालेल्या खलाशांचं स्मरण कसं करावं

२०११ च्या सप्टेंबरात बातमी आली की ‘गैरसप्पा’ सापडली. ब्रिटिश इंडिया कंपनीची मालवाहू बोट, नाव आपल्या गिरसप्पाच्या धबधब्यावरून. कलकत्त्याहून चांदी, बिडाचं लोखंड आणि चहा घेऊन निघालेली ही बोट १९४१ च्या फेब्रुवारीत ताफ्यापासून एकटी पडली. कोळसा संपत आला होता, म्हणून ती आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळली. यू-१०१ या जर्मन पाणबुडीने तिला वाटेतच बुडवलं. सत्तर वर्षांनी ती आयर्लंडच्या नैऋत्येला सुमारे ३०० मैलांवर, ४,७०० मीटर खोल सापडली. पुढच्या दोन वर्षांत तिच्यातून २,७९२ चांदीच्या विटा वर आल्या, साधारण ११० टन. बातम्यांचे मथळे सगळे चांदीचे. बोटीवरचे बहुतेक खलाशी हिंदी होते, ही माहिती मजकुरात कुठेतरी अर्ध्या ओळीत.

हा लेख त्या अर्ध्या ओळीतल्या माणसांसाठी आहे. तुमच्या घरातला, वाडीतला किंवा वाड्यावरचा कुणी महायुद्धात बोटीबरोबर गेला असेल आणि आता ती बोट सापडल्याची बातमी आली असेल, तर पुढे काय करायचं ते यात सांगितलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही हे एकदा केलं, बऱ्याच चुका करत केलं. त्या चुकाही सांगतो.

बातमी आली त्या दिवशी

काहीच करू नका. ‘बोट सापडली’ आणि ‘बोटीची ओळख पटली’ यांत महिन्यांचं अंतर असू शकतं. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ पाहणाऱ्या यंत्रावर, आधी नुसती एक लांबट सावली दिसते. मग कॅमेऱ्याचं यंत्र खाली जातं आणि बांधणीच्या नकाशाशी एकेक भाग ताडून पाहिला जातो. ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ युद्धनौकेचं उदाहरण घ्या. १९ नोव्हेंबर १९४१ ला ती ६४५ जणांसह नाहीशी झाली, एकही वाचला नाही. २००८ च्या मार्चमध्ये शोधपथकाला आधी तिच्याशी लढलेली जर्मन ‘कॉर्मोरान’ सापडली, मग चार दिवसांनी ‘सिडनी’. घाई केली असती तर भलत्याच बोटीवर फुलं वाहिली गेली असती.

दुसरं, फोटो. समुद्रतळावरचे बूट, भांडी, बंक यांची छायाचित्रं लगेच फिरायला लागतात. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ही बातमी मोबाइलवरून कळू देऊ नका. घरी जा, बसा, तोंडाने सांगा.

नाव शोधणं: सगळा वेळ इथेच जातो

स्मरण करायचं म्हणजे नाव हवं, आणि खलाशांच्या बाबतीत नेमकी तिथेच गोची आहे. ब्रिटिश कागदांत त्यांना सरसकट ‘लॅस्कर’ म्हटलेलं असतं. कारकुनाने कानाला जसं लागलं तसं लिहिलं. इब्राहिमचं स्पेलिंग कधी आयने सुरू होतं, कधी ईने. कोकणी मुसलमान घरातला माणूस असेल तर आडनाव बहुधा गळलेलं असतं आणि स्वतःचं व बापाचं नाव तेवढं उरतं. गोव्याच्या तारवट्यांचं, म्हणजे तिथल्या खलाशांचं, उलट. आडनाव ठळक, पण एकाच बोटीवर तीन-तीन फर्नांडिस. म्हणून शोधायला बसण्याआधी एका कागदावर हे लिहून घ्या: माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, जुना तालुका, बोटीवरचं काम (सारंग, टिंडल, सुकाणी, भंडारी, आगवाला, बटलर) आणि नावाची सुचतील तितकी स्पेलिंगं. आमच्या कागदावर अकरा होती.

मग घरातली पेटी उघडा. खलाशाचं नोंदपुस्तक, ज्याला जुनी माणसं ‘नली’ म्हणायची, बहुतेक वेळा त्याच्याबरोबरच बुडालेलं असतं. पण आधीच्या सफरीचा दाखला, कंपनीकडून विधवेला आलेलं पत्र, मनिऑर्डरीची पावती, पदकाची रिकामी डबी, यांतलं काहीतरी सापडतंच. पत्रावर बोटीचं नाव नसेल तरी तारीख असते, आणि तारखेवरून बोट काढता येते.

त्यानंतर बाहेरच्या नोंदी, या क्रमाने:

पहिली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर आपल्या माणसाचं नाव शोधत बसू नका, ते ब्रिटिश व्यापारी नाविकांचं आहे. हिंदी खलाशांची नोंद ‘बॉम्बे १९३९-१९४५ वॉर मेमोरियल’ या नावाखाली आहे. हे स्मारक म्हणजे दगड नव्हे, पुस्तक आहे. त्याच्या दोन प्रती आहेत, एक मुंबईत मशीद बंदराकडच्या इंडियन सेलर्स होममध्ये आणि दुसरी बांगलादेशात चितगावच्या युद्ध दफनभूमीत. दोन्हींत तीच नावं: रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक आणि व्यापारी बोटींवरचे जवळपास सहा हजार. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं वेगळं स्मारकही त्याच सेलर्स होममध्ये आहे. मुंबईत जन्म काढलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे, हे मी विचारायचं सोडून दिलं आहे.

दुसरी यूबोट.नेट ही साइट. जर्मन पाणबुड्यांनी मारलेल्या बोटींची पानं आणि त्यांवरच्या माणसांच्या याद्या तिथे आहेत. याद्या सगळीकडे पूर्ण नाहीत, पण सुरुवात चांगली होते. तुमची बोट जपानी पाणबुडीने बुडवली असेल तर इथे मिळणार नाही. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ तशी होती. २३ नोव्हेंबर १९४२ ला आय-२९ ने तिला बुडवलं आणि २८० जण गेले.

तिसरी, लंडनजवळ केव इथलं ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार. युद्धकाळातल्या खलाशांच्या याद्या ‘बीटी ३८१’ या मालिकेत आणि बोटींच्या ये-जा नोंदींची कार्डं ‘बीटी ३८९’ मध्ये आहेत. तिथे कुणी ओळखीचं असेल तर एक दिवस मागून घ्या. नसेल तर पैसे भरून प्रत मागवता येते.

चौथी जागा पुस्तकात सापडत नाही. गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईतले ‘कूड’, म्हणजे धोबीतलाव-माझगावकडचे गावागावांचे क्लब. बोट लागेपर्यंत तारवटी तिथे राहायचा आणि ट्रंकही तिथेच ठेवायचा. काही कुडांच्या वह्या अजून आहेत. कोकणासाठी गावची जमात आणि मशिदीचं दफ्तर. कागद नसला तरी कुणाच्या घरात कुठल्या बोटीचं नाव ऐकू यायचं, हे तिथे कळतं.

एका नावाला निदान दोन पुरावे जुळल्याशिवाय ते पक्कं धरू नका. हा नियम आम्ही मोडला. यादीतलं नाव जसंच्या तसं उतरवून पाटी कोरून घेतली. अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी त्या खलाशाच्या पुतणीला, ऐंशी ओलांडलेल्या खालाला, दाखवायला नेली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे माझ्या आजोबांचं नाव. चाचाचं कुठंय?” बापाचं नाव आम्ही आडनाव म्हणून आधी घेतलं होतं आणि त्याचं स्वतःचं नाव एका आद्याक्षरावर आणलं होतं. पाटी गेली, पैसे गेले, आणि कार्यक्रम कापडी फलकावर झाला.

कमिशनच्या नोंदीत नाव चुकलेलं असेल तर दुरुस्तीसाठी आणि नावच नसेल तर समावेशासाठी लिहिता येतं. त्या काळातला कागद जोडावा लागतो, नुसती आठवण चालत नाही. महिने लागतात. म्हणून हा अर्ज स्मरणदिनानंतर नव्हे, सगळ्यांत आधी टाका.

बोटीवर आपला हक्क किती

घरोघरी हा प्रश्न येतो: “चांदी काढतात, मग आमच्या माणसाचं काय?” खरं सांगायचं तर माल ज्याचा होता त्याचा किंवा विम्याची भरपाई देणाऱ्याचा. ‘तिलावा’तून २०१७ मध्ये काढलेली चांदी मूळ दक्षिण आफ्रिकेच्या सरकारसाठी निघाली होती, आणि तिच्यावरचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ चा निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. बुडालेल्यांच्या वारसांचा त्या खटल्यात प्रश्नच नव्हता.

तरी दोन गोष्टी जाणून ठेवा. ब्रिटनमध्ये १९८६ चा लष्करी अवशेष संरक्षण कायदा आहे. तो मुख्यतः युद्धनौकांसाठी असला तरी ‘स्टोरा’ या ताफ्यातल्या व्यापारी बोटीबाबत एका बुडालेल्या नाविकाच्या मुली कोर्टात गेल्या, आणि २००६ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की अशी बोटही लष्करी सेवेत धरता येते. म्हणजे घरच्यांनी बोललेलं ऐकलं जातं. दुसरं, युनेस्कोचा २००१ चा करार. बुडालेला वारसा शक्यतो जागच्या जागी ठेवावा, मानवी अवशेषांचा मान राखावा, असं तो सांगतो. भारत त्यात सामील नाही आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्यात असलेल्या गोष्टींपुरता आहे. पण शोधकंपनीला पत्र लिहिताना त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

पत्रात मागायचं काय? चार गोष्टी मागा: जागेचे अक्षांश-रेखांश, तळावरच्या बोटीचं एखादं छायाचित्र, सापडलेल्या वैयक्तिक वस्तूंची यादी, आणि पुन्हा खाली जाणार असाल तर आमच्यातर्फे एक पाटी ठेवाल का. शेवटची मागणी वाटते तितकी भाबडी नाही. मुंबईहून चांदीचे रुपये घेऊन निघालेली ‘सिटी ऑफ कैरो’ ६ नोव्हेंबर १९४२ ला दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. ती ५,१५० मीटरवर सापडल्यावर काम संपवून निघताना शोधकांनी तळाशी पाटी ठेवली, ‘आम्ही इथे आदराने आलो’ अशा अर्थाची. रुपये काढून झाल्यावरचा आदर, असं कुणी म्हणेल. मीही म्हणतो. पण पाटी ठेवली हेही खरं.

वस्तूंचं सांगायचं तर ‘गैरसप्पा’तून चांदीबरोबर सातशेवर पत्रंही आली. १९४० च्या अखेरीस हिंदुस्थानातून टपालात पडलेली, कधीच न पोचलेली. ती आता लंडनच्या पोस्टल म्युझियमकडे आहेत. अशा संग्रहालयांना विचारणा केली तर उत्तर येतं. मात्र ‘त्या बोटीवरचं’ म्हणून कुणी घंटा, बशी किंवा नाणं विकायला आणलं तर घेऊ नका.

तारीख

सोपं वाटतं, पण नाही. ‘गैरसप्पा’वर हल्ला मध्यरात्रीच्या आसपास झाला, म्हणून कुठे १६ फेब्रुवारी दिसते, कुठे १७. पाणबुडीचं घड्याळ वेगळं, बोटीचं वेगळं. कमिशनच्या नोंदीत जी तारीख असेल ती धरा, वाद मिटतो. शिवाय प्रत्येक माणूस बुडाला त्याच दिवशी गेला असं नसतं. ‘गैरसप्पा’ची एक होडी तेरा दिवस वाहत कॉर्नवॉलच्या लिझर्ड टोकाला लागली. निघताना तिच्यात तीसेक माणसं होती, बहुतेक हिंदी. किनाऱ्याच्या लाटेत ती उलटली आणि सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स तेवढे वाचले. काहींचं दफन तिथल्याच लँडेवेडनॅक चर्चच्या आवारात झालं.

इंग्रजी तारीख जमत नसेल तर इतर दिवस आहेत: ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिवस, किंवा ज्याच्या-त्याच्या रीतीचा. जून-जुलै मात्र टाळा. समुद्र उभा असतो आणि मच्छीमारीही बंद असते.

कोणाच्या रीतीने

एकाच बोटीवर कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिश्चन, खारवी, सिल्हटचे आगवाले आणि स्कॉटिश इंजिनिअर असायचे. म्हणून ‘सर्वधर्म प्रार्थना’ नावाची एक सरमिसळ करू नका. प्रत्येकाला आपापली जागा द्या, आधी किंवा नंतर, आणि एकत्र फक्त नावं वाचा.

मुसलमान घरात आधी इमामांना विचारा. कोकणातले बहुतेक शाफई आहेत, आणि त्या पंथात मय्यत समोर नसताना गायबाना जनाजाची नमाज मान्य आहे. इतक्या वर्षांनी ती पढावी की फातेहाखानी पुरे, हे तेच सांगतील. बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे, ही गोष्ट कित्येक घरांना मोठा धीर देते. आमच्या खालांना दिला. हिंदू घरात मृत्यूची तिथी बहुधा ठाऊकच नसते. मग सर्वपित्री अमावास्या आहे, आणि अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी तिच्या आदल्या दिवशीची घातचतुर्दशी. ख्रिश्चन घरांसाठी २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस, चर्चमध्ये मिस, आणि गावच्या खुरसापाशी, म्हणजे क्रॉसपाशी, लादीन ही गायलेली प्रार्थना.

झेंड्याचं काय, हे विचारणारा एक तरी निघतोच. बोटीवर तेव्हा ब्रिटिश निशाण होतं, देश अखंड होता, आणि काही खलाशांची गावं आज बांगलादेशात किंवा पाकिस्तानात आहेत. माझं मत: झेंडा नको. त्या वादात अख्खी सकाळ जाते.

त्या दिवशी, धक्क्यावर

बोट बुडाली तिथे जायची गरज नाही, शक्यही नाही. आपला माणूस जिथून बोटीवर चढला किंवा गाव सोडून निघाला, तो धक्का गाठा. मुंबईत जागा मुंबई बंदर प्राधिकरणाची, इतरत्र बहुधा महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची. त्यांना आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाण्यात जायचं असेल तर प्रवासी परवाना असलेली लाँचच घ्या आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट द्या. मच्छीमार होडीतून माणसं नेऊ नका. बुडालेल्यांच्या आठवणीसाठी निघून कुणी पाण्यात पडलं तर काय सांगाल?

फुलं सुटी न्या, नाहीतर केळीच्या सोपटाने बांधा. तार, थर्मोकोल, प्लास्टिकची चमकी नको. आणि ओहोटी बघून सोडा. आम्ही भरतीला सोडली, तर दहा मिनिटांत सगळा झेंडू परत आमच्या पायांशी. पुढच्या वर्षी एका तांडेलाने जुनं गणित शिकवलं: तिथीला पाऊणने गुणा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला सहा. म्हणजे त्या दिवशी सकाळी सातनंतर फुलं सोडली की ती बाहेर जातात.

नावं वाचायला दोन माणसं ठेवा आणि आदल्या दिवशी तालीम घ्या. ‘व इतर’ हा शब्द त्या दिवशी कुणाच्या तोंडी येता कामा नये. ऐंशी नावं सावकाश वाचली तरी आठ-दहा मिनिटं लागतात. बोटीवरचे सगळे वाचा, कप्तानापासून भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत, आडनावाच्या क्रमाने, हुद्द्याच्या नव्हे. प्रत्येक दहा नावांनंतर घंटेचा एक ठोका. आमच्याकडे शाळेची होती. भाषणं दोनच, आणि पुढाऱ्याला बोलवायचं तर ऐकायला बोलवा.

दगड

शेवटचं काम, आणि ते शेवटीच करा. खाऱ्या हवेत पितळी पाटी हिरवी पडते आणि चोरीलाही जाते. जांभ्याचा चौथरा आणि वर काळा ग्रॅनाइट, अक्षरं खोल कोरलेली, रंग भरू नका. सरकारी किंवा गावठाणाची जागा असेल तर ग्रामसभेचा ठराव लागतो. मशीद, चर्च किंवा शाळेचं आवार असेल तर विश्वस्तांचं पत्र. मजकूर थोडा: बोटीचं नाव, तारीख, अक्षांश-रेखांश, नावं आणि गावं. नावं देवनागरीत, आणि घरचे म्हणतील त्या दुसऱ्या लिपीतही. ‘वीरमरण’, ‘हुतात्मा’ असे शब्द घरच्यांना विचारूनच. आमच्या एका कुटुंबाने नको म्हटलं. “तो कोळसा मारायला गेला होता, पोटासाठी. तेवढंच लिहा.” तेवढंच लिहिलं.

आणि खाली जागा कोरी सोडा. ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटन गावाने ‘सिडनी’चं स्मारक बोट सापडण्यापूर्वीच, २००१ मध्ये उभारलं होतं, ६४५ धातूच्या समुद्रपक्ष्यांचा घुमट करून. बोट सापडल्यावर त्यांनी २०११ मध्ये त्यात एक पाण्याचं कुंड जोडलं आणि बोटीची जागा तिथे दाखवली. त्याच बोटीवरच्या एका अनोळखी खलाशाचा देह १९४२ मध्ये ख्रिसमस बेटाजवळ वाहत आला होता. त्याची ओळख डीएनएवरून पटली ती २०२१ मध्ये.

आमच्या दगडावर तीन ओळी रिकाम्या ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी गोव्याहून एक बाई आल्या, आजोबांचा फोटो आणि कुडाच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स घेऊन. एक ओळ भरली. दोन आहेत.